तक्रार: मध्यरात्री तुमच्या हेल्पलाइननं आधी ओटीपी मागितला

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या २४ तास समुपदेशन हेल्पलाइनबद्दल

नमस्कार,

मी खानापूर तालुक्यातून लिहितेय. माझा धाकटा भाऊ बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, त्याच्या मालकांनी सगळ्या कामगारांचा आरोग्य विमा तुमच्याकडे काढलाय. कार्डाच्या मागं छापलंय, मनावर ताण आला तर कधीही फोन करा, मराठीतसुद्धा. ते कार्ड मी देवघराच्या फळीवर जपून ठेवलेलं, कारण दोन महिने भावाचं लक्षण ठीक दिसत नव्हतं, जेवण तुटलेलं, झोप नाही, कामावरनं आला की मागच्या दारात नुसता बसून राहायचा.

गेल्या महिन्यात एका रात्री दीडच्या सुमाराला तो म्हणाला, अक्का, मला आता नको झालंय गं सगळं. मी सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येतंय काय. तो हो म्हणाला. माझे हातपाय गार पडले. आईला त्याच्याजवळ बसवलं, घरातलं फवारणीचं औषध शेजारच्या काकूंकडे नेऊन दिलं आणि तुमचा नंबर लावला, तेसुद्धा पावसात अंगणात उभी राहून, कारण आमच्याकडं रेंज तिथंच मिळते.

मराठीचा पर्याय आलाच नाही. हिंदी दाबलं, अकरा मिनिटं नुसती ट्यून वाजत होती, मग एकजण आला, त्यानं पॉलिसी नंबर विचारला, जन्मतारीख विचारली, पिनकोड विचारला आणि म्हणाला, पिनकोड कर्नाटकचा आहे, कन्नड डेस्कला जोडतो. मला कन्नड येतं हो, बाजारात, बँकेत, तहसील ऑफिसात आम्ही रोज बोलतो, त्या भाषेबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण माझा भाऊ त्या घडीला मराठीतसुद्धा अर्धं वाक्य बोलून थांबत होता, त्याच्याशी कुणी त्याच्या भाषेत बोलावं म्हणूनच तर मी तुम्हाला फोन केला होता ना? तुम्ही पिनकोड बघितलात, माणूस कुठली भाषा बोलतो ते विचारलंच नाही.

कन्नड डेस्कच्या बाईंनी ओटीपी मागितला. तो कुठं आला, तर भावाच्या फोनवर. फोन त्याच्या मुठीत होता. अंधारात स्क्रीन पेटली, सहा आकडे दिसले, त्यानं बघितलं आणि फोन पालथा घालून मांडीखाली ठेवला. मी मागायला गेले तर म्हणाला, कुणाला सांगालीस तू? जो माणूस अजून घरातल्यांशी नीट बोलत नाही त्याच्या हातातनं मी फोन हिसकावून घ्यायचा का? मी बाईंना दोनदा सांगितलं, माझा भाऊ जीव द्यायचं म्हणतोय, तरी त्या म्हणाल्या ओटीपीशिवाय काउन्सिलर देता येत नाही, आणि फोन कट झाला. १४४१६ वर लावा, धोका वाटला तर ११२ ला लावा, एवढं सांगायला दहा सेकंद लागले नसते.

१४४१६ म्हणजे सरकारचा टेली मानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. मला तो नंबर आशाताईंनी कधीतरी सांगितलेला, ऐनवेळी आठवला हे आमचं नशीब. तिथं ओटीपी कुणी मागितला नाही. त्या ताईंनी आधी मला शांत केलं, मग भावाला फोन द्यायला सांगितलं, तो बराच वेळ बोलला आणि शेवटी रडला. सकाळी रेल्वेनं त्याला धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, आता औषधं चालू आहेत.

दुसऱ्या दिवशी भावाच्याच फोनवर तुमचा मेसेज, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी स्टार द्या. मी तक्रार केली, तर चार दिवसांत "निराकरण झाले" म्हणून बंद. काय निराकरण झालं ते मला लेखी कळवा.

जीवाची गोष्ट आहे म्हटल्यावर ओटीपी आणि पॉलिसी नंबर नंतर विचारा, आधी माणूस द्या. मराठी छापलंय तर पहिल्याच पर्यायात मराठी ठेवा, निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथं तुमची कार्डं घेऊन फिरणारे मराठी बोलणारे ढीगभर कामगार आहेत. ते जमणार नसेल तर कार्डावरनं ती ओळ काढून १४४१६ छापा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यावा लागतो, तेव्हा ही मेहरबानी मागतेय असं समजू नका.

उत्तर मराठीत आणि माझ्या नंबरवर पाठवा. भावाच्या फोनवर तुमचा एकही मेसेज परत जाऊ देऊ नका.

आपली,
एका पॉलिसीधारकाची बहीण