कोपर बुडवून

लीड्स,
21 नोव्हेंबर

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

रोज फोनवर बोलते, मग पत्र कशाला, असं आईला वाटेल. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावून बसता, मागं कुकरच्या शिट्ट्या असतात, धाकटीची पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. मला पप्पांशी जे बोलायचंय ते त्या गडबडीत निघत नाही. तीन वेळा तोंडापर्यंत आलं नि गिळलं. म्हणून कागद घेतला. आई, तू वाचून दाखव. पप्पांनी चष्म्याचा नंबर अजून बदलून घेतलेला नाही हे मला ठाऊक आहे.

मी बरी आहे. थंडी सुरू झालीय, दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथं घड्याळं तासभर मागं घेतात, त्यामुळं आता आपल्यात साडेपाच तासांचं अंतर आहे. हॉस्पिटलमधली माझी नाइट ड्यूटी सकाळी आठला सुटते तेव्हा वानलेसवाडीत दीड वाजलेला असतो आणि पप्पा जेवून आडवे झालेले असतात. बसमध्ये बसल्यावर मला रोज तेच दिसतं, ती कॉट, तो पंखा, उशाशी ठेवलेलं पवित्र शास्त्र.

आता मुद्द्याचं.

आमच्या वॉर्डात एक म्हातारबाबा आलेत. ऐंशीच्या पुढचे. साखरेनं दोन्ही पाय बधिर झालेत, डाव्या टाचेला जखम आहे. भेटायला कुणी येत नाही. पहिल्याच रात्री मी त्यांचं ब्लड प्रेशर बघायला गेले तर त्यांनी हात मागं ओढला आणि म्हणाले, त्या हातांनी मला शिवू नकोस, आमच्यातली कुणीतरी पाठव. शब्द इंग्रजी होते, पण मला ते आपल्या मराठीतच ऐकू आले. 'शिवू नकोस.' आजी सांगायची ना, तिच्या लहानपणी पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. तिनं ते कधी रागानं सांगितलं नाही, पण सांगताना तिची ओंजळ आपोआप व्हायची. वॉर्डात उभ्या उभ्या मला आजीची ओंजळ आठवली.

मी काही बोलले नाही. सिस्टरनी त्यांना समज दिली, मला म्हणाल्या, तू दुसरी बाजू बघ. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण तिसऱ्या रात्री मी काय केलं ते सांगते. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांची बेल वाजली. त्यांच्या बाजूची नर्स दुसऱ्या पेशंटजवळ अडकली होती. दारावरचा दिवा लागला. मी टेबलाशी बसून चार्ट लिहीत होते. मला ऐकू आलं होतं, पप्पा. मी दिवा बघितला आणि मान खाली घालून लिहीत राहिले. परत वाजली. मनात म्हटलं, माझे हात नकोत ना, मग थांबा. पंधरा मिनिटं. मी गेले तेव्हा चादर ओली झाली होती आणि ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. एवढा तोंडाळ माणूस, एक अक्षर बोलला नाही. लहान पोरानं मार खाऊन पडावं तसे पडले होते.

आमच्यात एक हेल्पर आहे, याच गावची बाई. चर्चला जात नाही, देव मानत नाही असं सरळ सांगते. तिनं येऊन माझ्याबरोबर चादर बदलली. त्यांची पाठ पुसताना ती त्यांच्याशी हवापाण्याचं बोलत होती, जणू काही झालंच नाही. ते वाचत नाहीत, तरी रोज स्वतःच्या पैशानं त्यांना पेपर आणते, कारण उशाशी पेपर असला की माणसाला घरी असल्यासारखं वाटतं म्हणे. मी गळ्यात क्रूस घालून फिरते आणि ती पेपर आणते. सातारची आत्या कवी ना. वा. टिळकांच्या दरबाराबद्दल सांगायची ते मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. 1917 साली रेव्हरंड टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसू शकत. आत्याच्या तोंडून ऐकताना मला ती नुसती मोठ्या कवीची मोठी कल्पना वाटायची. आता वाटतं, त्यांना अशी माणसं भेटली असणार.

रविवारी उपासनेला गेले. इथलं चर्च मोठं दगडी आहे, माणसं चाळीस-पन्नास. पण परकं वाटत नाही. 1970 मध्ये नागपूरला आपल्या वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्या एक झाल्या त्यात अँग्लिकनही, म्हणजे इथल्याच पंथाचे, होतेच की, त्यामुळं उपासनेची चाल ओळखीची लागते. एक गोष्ट मात्र निराळी. आपल्याकडं प्रभुभोजनाला द्राक्षारसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकापर्यंत येतो. इथं उठून पुढं जायचं, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचं. आणि त्याच्या आधी, दानार्पणाच्याही आधी, सगळे उभे राहून एकमेकांचा हात हातात घेऊन 'प्रभूची शांती' म्हणतात. हे तिथंच का, तर बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायामुळं. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. वीस वर्षं संडे स्कूलपासून मी तो उतारा पाठ म्हणतेय आणि नेहमी उलटा समजत आलेय. मला वाटायचं माझ्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर. तिथं तसं नाहीये. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे मी त्याचं काही बिघडवलं असेल तर.

शेजारच्या आजींनी हात पुढं केला, मी धरला. पण पुढं माझे पाय उचलेनात. सगळा बाक उठून गेला, मी एकटी बसून राहिले. रडले नाही. नुसती हातांकडं बघत बसले. आणि मला पप्पांचे हात आठवले.

पप्पा, आता तुमच्याबद्दल.

मी आठवीत असताना शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी 'लॅब टेक्निशियन' लिहिलं. तुम्ही कुष्ठरोगाच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारे, आहात हे मैत्रिणींना कळलं असतं तर त्यांनी माझा डबा खाल्ला नसता, असं मला वाटत होतं. वार्षिक गॅदरिंगला तुम्ही सायकलवरून मिरजेला आलात आणि मी तुम्हाला फाटकाबाहेरच भेटले, आत सांगायला विसरले म्हणाले. मी विसरले नव्हते. तुम्ही तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. 'बरं, मग जातो की,' म्हणालात आणि सायकल वळवलीत. तुम्हाला कळलं होतं का? इतकी वर्षं मी हे विचारलेलं नाही. मला माफ करा, पप्पा. हे फोनवर निघत नव्हतं.

सुट्टीत एकदा तुम्ही मला कामावर नेलं होतं, आठवतं? वऱ्हांड्यात ओळीनं माणसं बसलेली, प्रत्येकापुढं पाण्याचं घमेलं. तुम्ही सांगितलं होतं, गोळ्या आल्यापासून जंतू मरतात, माणूस बरा होतो, पण नसा गेल्या त्या गेल्या. पायात खिळा घुसला तरी कळत नाही, चुलीजवळ बोट भाजलं तरी वास आल्यावर कळतं. म्हणून पायांची राखण डोळ्यांनी करायची. वीस मिनिटं पाय पाण्यात, मग घट्टे खरवडायचे, आणि ओलावा आत राहावा म्हणून वरून तेल. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसायचात आणि पाय आपल्या मांडीवर घ्यायचात. खुर्ची होती तिथं, तुम्ही घेत नव्हता. आणि पाय बुडवायच्या आधी प्रत्येक घमेल्यात आपलं कोपर बुडवायचात. मी विचारलं, हातानं का नाही बघत? म्हणालात, 'तळहात कामानं निबर झालेत बाळा. ह्यांना कळत नाही, मला तरी कळलं पाहिजे.'

त्या संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेला तुम्ही मत्तय आठ वाचला होता. तुम्ही कधी प्रवचन करत नाही, पण त्या दिवशी मध्येच थांबलात. म्हणालात, बघा, कुष्ठरोग्याला प्रभूनं हात पुढं करून स्पर्श केला. आणि लगेच पुढं शताधिपतीचा, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा, चाकर आहे, त्याला तर घरी न जाता नुसत्या शब्दानं बरं केलं. म्हणजे शब्द पुरत होता. हात लावायची गरज नव्हती. तरी लावला. एवढं बोलून तुम्ही पुढचं वचन वाचायला घेतलंत. कुणीही त्यावर काही बोललं नाही, आईनं भाकऱ्या थापायला घेतल्या. इथल्या त्या बाकावर बसून मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं.

सोमवारी ड्यूटीवर जाताच सिस्टरना सांगितलं, बेल ऐकूनही मी गेले नव्हते. त्यांनी लिहून घेतलं, ऐकवायचं ते ऐकवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. आई, घाबरू नकोस, नोकरीला धक्का नाही. मग म्हातारबाबांकडं गेले. म्हटलं, त्या रात्री मला बेल ऐकू आली होती, मी मुद्दाम आले नाही, माझं चुकलं. ते छताकडं बघत राहिले. क्षमा केली नाही, शिवीही दिली नाही. मी उभी राहिले, मग निघाले. पाय थरथरत होते. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पण त्यानंतरच्या रविवारी मी कठड्यापर्यंत गेले.

मध्येच घरचं सांगते, नाहीतर राहून जाईल. नाताळाआधीचा आगमनकाळ तोंडावर आलाय. कॅरल पार्टी आपल्या गल्लीत येईल तेव्हा व्हिडिओ कॉल लावा, कितीही वाजलेले असू देत. पाठवलेल्या पैशांतून आधी पप्पांचा चष्मा, मग चर्चच्या पत्र्यांचं दान, मग बाकीचं. आई, करंज्या पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, गेल्या वर्षी चुरा होऊन आल्या. भडंग पाठव, ते टिकतं. ऑगस्ट 2019 च्या पुरात घरी राहायला आलेल्या काकूंची तब्येत कशी आहे ते कळवा. त्यांनी जाताना तुझ्या स्वयंपाकघरात घासून ठेवलेली ती भांडी मला अजून आठवतात, आरशासारखी.

आता गुरुवारची गोष्ट. त्या रात्री हेल्पर आजारी, दुसरी नर्स नवीन. म्हातारबाबांचे पाय धुऊन पट्टी बदलायची होती. मी टब घेऊन गेले आणि दाराशी थांबून विचारलं, मी केलं तर चालेल का, नाहीतर सकाळपर्यंत थांबूया. बराच वेळ गेला. मग त्यांनी पांघरुणातून एक पाय बाहेर काढला. तोंडानं काही नाही, नुसता पाय.

तिथं मला योहानाचा तेरावा अध्याय आठवला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा अजून बाहेर गेलेला नव्हता. तो त्यानंतर गेला. म्हणजे त्याचेही धुतले. त्याच्या बोटांच्या बेचक्या पुसताना प्रभूच्या मनात काय असेल, याचा मी याआधी कधी विचार केला नव्हता. आणि मग हेही आठवलं की त्या खोलीत बेल ऐकून न जाणारी मी आहे. यहूदा कोण, हे मला ठरवता येईना.

मी खुर्ची बाजूला सारून खाली बसले. साखरेच्या पेशंटचे पाय भिजत ठेवायचे नसतात, पप्पा, ते तुमच्या पेशंटांपेक्षा वेगळं. पटकन धुवायचे, बोटांच्या मध्ये अगदी कोरडं करायचं, तिथं मलम लावायचं नाही, ओल राहिली की चिघळतं. टाचेची कातडी कागदासारखी झालीय, दिव्याखाली निळ्या शिरा दिसतात. मी पाय हातात घेतला. त्यांनी ओढून घेतला नाही. पाण्यात घालायच्या आधी सवयीनं विचारलं, पाणी बरोबर आहे का, गरम तर नाही?

ते म्हणाले, मला पायांना काही कळत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, तूच बघ.

पप्पा, मी बाही वर केली आणि कोपर बुडवलं.

तुमची,
मोठी