आवाहन : मुलांच्या लोहाचा आकडा खरा यावा म्हणून

सप्रेम नमस्कार.

थॅलेसेमिया म्हणजे मुलांना वारंवार रक्त चढवावे लागणारा आजार. त्यासाठीचे आपले पालक मंडळ नाशिकरोडला एका पालकाच्या ओसरीवर सुरू झाले, हे आपण जाणताच. रविवार कारंजावरच्या काकांनी दुकान बंद ठेवून घरोघरी रक्तदात्यांच्या याद्या केल्या. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या मंडळींनी औषधांसाठी फ्रीज दिला. पिंपळगावचे बागायतदार दादा द्राक्षांचा हंगाम संपला की न मागता पाकीट पोचवतात. आणि देवळालीच्या आजी! नातू गेल्यावर त्याच्या नावची ठेव मोडून त्यांनी शरीरातले जास्तीचे लोह काढणाऱ्या इंजेक्शनचे पंप घेऊन दिले. त्या पंपांवर वाढलेली दोन मुले आज कॉलेजात आहेत.

आता मागणे वेगळे आहे : एमआरआय यंत्राचा आकडा पडताळण्याच्या साधनासाठी. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. हे जास्तीचे लोह शरीराला स्वतःहून बाहेर टाकता येत नाही. हृदयात ते किती साठले, हे एमआरआयच्या टी-टू-स्टार आकड्यावरून, म्हणजे यंत्राला मिळणारा सिग्नल किती वेगाने विझतो त्यावरून कळते; लोह जास्त तितका आकडा कमी. १.५ टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर २० मिलिसेकंदांच्या वर असला तर दिलासा, १० च्या खाली गेला तर हृदय निकामी होण्याची भीती. डॉक्टर औषध ठरवताना हाच आकडा पाहतात.

गेल्या पावसाळ्यात आपल्या एका मुलीची तपासणी पंधरा दिवसांत दोन ठिकाणी झाली. एकीकडे आकडा २० च्या वर, दुसरीकडे बराच खाली. आईने कोणता खरा मानायचा? लोह फार असले की सिग्नल पहिल्या काही मिलिसेकंदांतच विझतो. मागे उरलेला यंत्राचा गोंगाटही (निरर्थक सिग्नल) हिशेबात धरला गेला, तर आकडा फुगतो. म्हणजे ज्या लेकराला जास्त त्रास, तेच कागदावर बरे दिसते!

यावर उपाय म्हणजे फॅन्टम : मँगनीज क्लोराइडच्या द्रावणाच्या बंद नळ्या, प्रत्येकीचा आकडा आधीच ठाऊक. यंत्राने तोच दाखवला पाहिजे. कमी आकड्यांच्या नळ्याही हव्यातच. तापमानानुसार आकडा बदलतो, म्हणून सोबत चांगला तापमापक. माल चढवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे शेतकरी पाहतोच की.

गेल्या वर्षी हेच मागितले, तर ‘पाण्याच्या नळ्यांना एवढे पैसे?’ असे ऐकावे लागले. सभेला अकरा जण आले. मनाला लागले, लपवत नाही.

कोटेशन कार्यालयात पाहावे. देणगी दसऱ्यापूर्वी, रोख वा धनादेशाने, सायंकाळी ६ ते ८, पावती घ्यावी. त्या मुलीची तपासणी झालेली दोन्ही केंद्रे महिन्यातून एक रविवार यंत्र द्यायला तयार आहेत. नोंदी ठेवायला भौतिकशास्त्राचे कुणी शिक्षक किंवा विद्यार्थी मिळाले, तर तेही हवेच आहेत.

आपला,
कार्यवाह