ड्रायव्हर हा पण सुटा भागच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून ते मिरज-तासगावकडच्या ई-सेवा केंद्रांपर्यंत फिरणं असतं, आणि सध्या जे रोज बघतोय ते पेपरात यावं असं मनापासून वाटलं म्हणून लिहितोय. विंडोजचं अपडेट झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. प्रिंटर बंद पडला, स्कॅनर दिसत नाही, थंब मशीन अंगठा घेत नाही, काट्याचं वजन स्क्रीनवर येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना आधीच कुणीतरी सांगून गेलेलं असतं की मशीन गेलं, आता नवीनच घ्या. अहो, मशीन गेलेलं नसतं! काल संध्याकाळपर्यंत चालत होतं ते रात्रीत कसं जाईल? कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यात बोलणं करून देणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तेवढा तुटलेला असतो, आणि तो देत राहणं ही मशीन विकणाऱ्याची जबाबदारी आहे हे कुणी म्हणतच नाही.

हे आत्ताच एवढं का वाढलं तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे भरपूर लोकांनी विंडोज ११ टाकून घेतलं, काहींना तर दुकानदारानं न विचारताच टाकून दिलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळं जुन्या ३२ बिट विंडोजवर चालणारे ड्रायव्हर तिथं चालतच नाहीत, कंपनीनं ६४ बिटचा काढला नसेल तर विषयच संपला. शिवाय ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक संरक्षण आहे, ते चालू असलं की काही जुने ड्रायव्हर ते लोडच होऊ देत नाही.

हळदीच्या एका पेढीतलं सांगतो. वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्यातून, सिरीयल केबल येते, आताच्या कॉम्प्युटरला ते नऊ पिनांचं पोर्ट नसतं म्हणून मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लावलेला. अपडेटनंतर वजन यायचं बंद. बाहेर पोत्यांची थप्पी, हमाल थांबलेले, दिवाणजी हातानं काटापट्टी लिहितायत, आणि त्यांना सल्ला मिळालेला की इंडिकेटर बदला. इंडिकेटरवर आकडा तर व्यवस्थित दिसत होता! डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला तर पोर्टच्या नावाच्या जागी इंग्रजीत चक्क एक ओळ आलेली, की ही चिप २०१२ पासून बंद केलेली आहे, तुमच्या सप्लायरला विचारा. म्हणजे कन्व्हर्टरमधल्या त्या चिपच्या कंपनीनं नव्या ड्रायव्हरमधून जुनी चिप वगळलीय. बाजारात त्या चिपच्या नकला फार झाल्या होत्या, पण त्यात खऱ्या जुन्या चिपावाले पण भरडले गेले. नव्या चिपची केबल टाकली, इंडिकेटर आहे तोच ठेवला. तरी वजन येईना, कारण नवीन केबलला कॉम ५ नंबर मिळाला होता आणि काट्याचं सॉफ्टवेअर अजून कॉम ३ वरच वाट बघत बसलेलं. पोर्टच्या प्रॉपर्टीजमधे अ‍ॅडव्हान्स्डला जाऊन नंबर ३ केला आणि आकडा आला. इंडिकेटर बदलून काय झालं असतं? तीच जुनी केबल, तीच ओळ, आणि मालकाचे पैसे गेलेले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की नवीन घ्यायच्या आधी मशीन एकटं चालतंय का ते बघा. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला लाइन फीडचं बटण दाबून धरून स्विच ऑन केला की तो कॉम्प्युटरशिवाय स्वतःची टेस्ट छापतो. ती नीट छापली तर प्रिंटर ठणठणीत आहे, त्याला भंगारात घालू नका. मल्टिफंक्शन प्रिंटर असेल आणि प्रिंट येतेय पण स्कॅन होत नाही, तर बऱ्याचदा विंडोजनं स्वतःचा साधा ड्रायव्हर टाकलेला असतो, त्यात नुसती प्रिंटच असते, स्कॅनसाठी कंपनीच्या साइटवरचा पूर्ण सेटअप लागतो. थंब मशीन असेल तर आधी सर्व्हिसेसमधे तिची आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा पाठवणारा प्रोग्राम) चालू आहे का ते बघा, अपडेटनंतर रीस्टार्ट झाल्यावर ती कधी कधी उठतच नाही. आणि ड्रायव्हर बदलल्यामुळं बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधे रोल बॅक ड्रायव्हरचं बटण असतं, पूर्ण विंडोजच वरचं टाकलं असेल तर साधारण १० दिवसांच्या आत मागं जाता येतं, नंतर तो पर्याय निघून जातो. हे काही न बघता थेट फॉरमॅट मारणारे आमच्या धंद्यात भरपूर आहेत आणि त्यात लोकांचा टॅलीचा डेटा गेलेला मी बघितलाय. याचा मला फार राग येतो.

दुसरी टोकाची गोष्ट म्हणजे अपडेटच कायमचं बंद करून ठेवणं. हेही नको. मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरची कॉम्प्युटरं कुलूपबंद केली, ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमधे दिलेलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधेच, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात, मोठं भोक निघालं, ते आणि त्याच्या आसपासची बुजवताना सप्टेंबरच्या अपडेटनं शेअर केलेले प्रिंटर ठिकठिकाणी बंद पडले, शेवटी ११बी येणारा तो एरर कितीतरी ऑफिसांनी बघितला असेल. तेव्हा लोकांनी रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधलं, संरक्षणच बंद करून टाकलं, आणि आज बऱ्याच ठिकाणी ते तसंच बंद आहे. ते परत चालू करा, सगळ्या मशीनवर अपडेट सारखं ठेवा. अपडेट पुढं ढकलता येतं की! दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते निघतं, आपल्याकडं तेव्हा रात्र असते म्हणून दणका बुधवारी बसतो. सीझनच्या धामधुमीत सेटिंगमधून पॉज करा, ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, एका मशीनवर आधी टाकून बघा मग बाकीच्यांवर टाका. मायक्रोसॉफ्टकडून पण चुका होतातच, २०२५ च्या ऑक्टोबरच्या अपडेटमधे रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबीचा कीबोर्ड-माऊसच चालेना, त्यांना घाईनं २० तारखेला दुरुस्ती सोडावी लागली.

पण हे सगळं झालं आपण सांभाळून घ्यायचं. मूळ दुखणं वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मधेच जाहीर केलंय की इतर कंपन्यांचे नवे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं बंद करणार. म्हणजे पुढं नव्या ड्रायव्हरसाठी मदार प्रिंटर कंपनीच्या साइटवर. आणि त्या साइटवरून जुनं मॉडेल काढून टाकलं की संपलं, गिअर, हेड, मोटार सगळं शाबूत असलेलं मशीन एका फाईलपायी मेलं. रिबन मिळते, हेड मिळतं, बेल्ट मिळतो, मग ड्रायव्हर का मिळू नये? २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं असे विभाग त्यात आहेत. सुट्या भागांबद्दल तिथं बोललं जातं तसंच ड्रायव्हरबद्दल बोललं गेलं पाहिजे. प्रिंटर, स्कॅनर, थंब मशीन, काट्याचा कन्व्हर्टर, काहीही विकताना खोक्यावर ठळक लिहा की कुठल्या विंडोजपर्यंत आणि कुठल्या सालापर्यंत ड्रायव्हर देणार. विक्री बंद केली तरी शेवटचा ड्रायव्हर साइटवरून काढायचा नाही असा नियम करा. ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराला उत्पन्नाच्या दाखल्यामागं मिळतात किती, आणि त्यानं दर चार वर्षांनी चालू मशीन टाकून नवीन घ्यायचं? हा भुर्दंड त्याचा नाही.

आपल्या ग्राहक पंचायतींनी, बाजार समितीनं आणि व्यापारी संघटनांनी हा विषय उचलावा, पोर्टलवर लेखी मागणी करावी. तोवर ज्यांच्याकडं जुन्या मशीनची सीडी कपाटात पडून आहे त्यांनी ती आजच पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या आणि मॉडेल नंबर वर लिहून ठेवा, सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर हल्ली शोधावा लागतो.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा वाचक,
विश्रामबाग, सांगली