38,000 किलोमीटरची मर्सिडीज: इसार देण्याआधी

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डॉक्टरांच्या गाडीचे फोटो मिळाले. ई 220, 1996 ची, एमएच-09 पासिंग, एकच मालक, मीटरवर 38,000, मागणी सव्वाचार लाख. गाडी देखणी आहे, वाद नाही. पण "कमी चाललेली" या दोन शब्दांना डॉक्टर जेवढा भाव लावताहेत तेवढा लावू नका. गाडी चालून झिजतं ते लोखंड. नुसत्या वर्षांनी खराब होतं ते रबर, प्लास्टिक, तारांवरचं आवरण आणि नळ्यांमधलं तेल-पाणी. या मॉडेलचं, म्हणजे डब्ल्यू 124 चं, लोखंड इतकं भक्कम आहे की तीन-चार लाख किलोमीटर झालेल्या गाड्याही नीट चालतात. म्हणजे जी गोष्ट सहसा बिघडतच नाही तिच्यासाठी जादा पैसे मागताहेत, आणि जी तीस वर्षांत हमखास बिघडते तिच्याबद्दल जाहिरातीत एक अक्षर नाही.

आधी तो 38,000 चा आकडा खरा आहे का ते बघू. मीटर मागे फिरवलं असेल असं मला म्हणायचं नाही. या गाड्यांत साधी भानगड अशी होते, की किलोमीटरच्या आकड्यांमागचं छोटं प्लास्टिकचं दातेरी चाक तडकतं किंवा दांड्यावर सैल होतं. स्पीडचा काटा व्यवस्थित चालतो, आकडे मात्र जागचे हलत नाहीत. मालक प्रामाणिक असला तरी त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून चक्कर मारताना ट्रिप मीटर शून्यावर आणा, मुख्य आकडा कागदावर लिहून ठेवा आणि हायवेवर किलोमीटरचे दगड बघत पाच किलोमीटर जा. दोन्ही आकडे पाचने पुढे गेले पाहिजेत. मग जुनी सर्व्हिसची बिलं मागा. बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, त्यावरून गाडी कोणत्या वर्षी किती फिरली ते सरळ कळतं. बिलं नसतील तर क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगवर हात टेकतो ती जागा आणि ड्रायव्हरच्या सीटची दरवाज्याकडची कड बघा. 38,000 ला पॅडलच्या रबरावरच्या रेघा ठसठशीत हव्यात.

आता बॉनेट. याला दोन थांबे आहेत. बिजागरीजवळची खिट्टी सोडली की बॉनेट सरळ उभं राहतं, तसंच करून बघा, वाकावं लागणार नाही. पहिली नजर वायरिंगवर. 1992 ते 1995 च्या सुमारास मर्सिडीजने इंजिनच्या तारांना जे आवरण वापरलं ते उष्णतेने कडक होऊन भुगा होतं. तारा उघड्या पडतात, एकमेकींना टेकतात, आणि इंजिन आचके देतं, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थरथरतं, कधी सुरूच होत नाही. नशीब वाईट असेल तर इंजिनचा कॉम्प्युटरही जळतो. गाडी 96 ला पास झाली म्हणजे यातून सुटली असं धरू नका. तेव्हा सुटे भाग जर्मनीहून यायचे आणि जोडणी इथे पुण्यात, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात व्हायची, त्यामुळे आतला भाग आधीच्या वर्षाचा असू शकतो. लूमवर, म्हणजे तारांच्या जुडग्यावर, तारखेची पट्टी असते, ती वाचा. पट्टी नसेल तर इंजेक्टरजवळ (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाजवळ) जाडं काळं आवरण संपतं तिथली एक बारीक तार हळूच, अगदी जरासंच वाकवा. रबरासारखी वाकली तर ठीक. पापडासारखी तडकली तर पूर्ण लूम बदलावा लागेल. टेप गुंडाळून "काम झालंय" असं कोणी सांगितलं तर त्याला काम म्हणत नाहीत.

त्याच इंजिनच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्ट अ‍ॅडजस्टरचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या भागाचा) गोल मॅग्नेट आहे. त्याचा प्लग काढून आत तेल आहे का बघा. त्यातून झिरपणारं तेल तारांच्या आतून वर चढत जातं. भाग छोटा, पण दुर्लक्ष महाग पडतं. हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि टायमिंग कव्हरच्या सांध्याशी थोडा ओलसर डाग चालेल, खाली थेंब पडत असतील तर किमतीतून वजा करायचे. इंजिनमध्ये टायमिंगला चेन आहे, पट्टा नाही, त्यामुळे "पट्टा नुकताच बदललाय" असं कोणी अभिमानाने सांगितलं तर तो बाहेरचा, अल्टरनेटर वगैरे फिरवणारा पट्टा समजा.

रेडिएटरला वरचा जाडा होज, म्हणजे रबरी नळी, जिथे बसतो ती मान प्लास्टिकची आहे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती ठिसूळ होते आणि एक दिवस घाटात होजसकट तुटून हातात येते. पाणी मिनिटभरात जातं, आणि काटा वर गेलेला दिसूनही गाडी तशीच ओढली तर हेड वाकतं. रेडिएटर मूळचा असेल, म्हणजे तीस वर्षांचा, तर तो कितीही स्वच्छ दिसो, मी बदलायलाच सांगीन. सोबत सगळे होज, थर्मोस्टॅट आणि कूलंट. कूलंटच्या टाकीत गंजाच्या रंगाचं पाणी दिसलं तर गाडीत साधं नळाचं पाणी भरलेलं आहे हे ओळखा, आणि वॉटर पंपाचा खर्चही धरा.

उभ्या गाडीचे त्रास वेगळेच. डॉक्टर ती "आठवड्यातून एकदा गल्लीत फिरवून आणतात" असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ती काळजी वाटते, पण सायलेन्सरसाठी तेच वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्येच साचतं आणि तो आतून गंजतो. बाहेरून रंग तसाच राहतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट, साईसारखा थर दिसला तर तीच गोष्ट इंजिन ऑइलमध्येही झालीय. हेड गॅस्केट गेल्यावरही तसाच थर येतो, म्हणून कूलंटमध्ये तेलाचा तवंग आहे का तेही पाहायचं.

ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. त्या ओलीने कॅलिपरचे (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन गंजून चिकटतात. रबरी होज आतून फुगले की पाय उचलल्यावरही ब्रेक सुटत नाही. पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. मर्सिडीजमध्ये क्लचही याच तेलाच्या टाकीवर चालतो, म्हणजे तेल जुनं असेल तर क्लचचे सिलिंडरही त्याच वयाचे.

टायरवर नक्षी भरपूर असेल, ती बघूच नका. बाजूवर चार आकडे असतात, 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. दहा वर्षांचा टायर फेकायचा, सहाच्या पुढचा असेल तर संशयाने बघायचा. साइज 195/65 आर 15 आहे, सांगलीत कुठेही मिळेल, हे एक सुख. प्रोपेलर शाफ्टला (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) दोन्ही टोकांना रबराच्या चकत्या असतात, त्यांना भेगा पडल्या की गिअर टाकताना खालून धप्प आवाज येतो. मेस्त्री गाडी रॅम्पवर घेईल तेव्हा त्या चकत्या, इंजिनचे माउंट आणि पुढच्या आर्मचे बुश टॉर्च मारून बघायला सांगा.

पेट्रोलचं वेगळं सांगते. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. तीस वर्षांपूर्वीच्या रबरी पेट्रोल पाइपांना ते मानवत नाही, आणि इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे गाडी महिनोनमहिने उभी राहिली तर टाकीत गंज. गाडी आपल्याकडे आली की जुनं पेट्रोल काढायचं, फ्युएल फिल्टर बदलायचा आणि टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालेल असे घालायचे. तुकडे स्वस्त आहेत, पण इंजिनवर पेट्रोल गळण्याची भीती असल्याने यात काटकसर नको.

आई, एसीबद्दल तू विचारलंस. भर दुपारी, गाडी उन्हात उभी असताना तपासायचा. हवा थंड होते पण हवी तेवढी नाही, असं असेल तर गॅसच्या आधी हीटरचा व्हॉल्व्ह बघायला सांगायचं. तो पूर्ण बंद झाला नाही की गरम पाणी हीटरमध्ये फिरत राहतं आणि एसी त्याच्याशी झुंजत बसतो. व्हॉल्व्ह बदलणं सोपं. पण डॅशबोर्डच्या आतलं एव्हॅपोरेटर (हवा थंड करणारी जाळी) गळत असेल तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन-तीन दिवसांची मजुरी आणि परत बसवताना कुठेतरी कुरकुर. गेल्या दोन वर्षांत गॅस किती वेळा भरला ते डॉक्टरांना नाही, त्यांच्या ड्रायव्हरला विचारा.

बॉडीचा गंज फोटोत दिसत नाही, कारण दारांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमागे तो लपतो. जॅक लावायच्या जागांवरची गोल झाकणं काढून बोट घाला. भुगा आला तर आतला पत्रा संपत आलाय. वायपरखालच्या खोबणीत पानं साचली असतील तर पाणी निचरत नाही आणि बॅटरीखालचा ट्रे गंजतो. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता हे दोन्ही बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फ्रिजवरचं चुंबक सोबत न्या आणि चाकांवरच्या कमानींवर फिरवा. चिकटलं नाही तिथे पुट्टी आहे.

तुम्हा दोघांना ती झेपेल का, हा प्रश्न मला इंजिनापेक्षा मोठा वाटतो. गाडी मॅन्युअल आहे आणि हँडब्रेक हाताचा नाही, पायाचा आहे: डावीकडचा चौथा पॅडल दाबायचा आणि सोडताना डॅशबोर्डवरचा दांडा ओढायचा. चढावर थांबून पुन्हा निघायची तुमची जुनी पद्धत इथे चालणार नाही, बाबा. इंडिकेटर आणि वायपर एकाच दांडीवर, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला आहेत. मारुतीच्या सवयीने उजव्या हाताने शोधाल आणि तिथे काहीच नसेल. क्लचही मारुतीपेक्षा जड आहे. म्हणून वीस मिनिटं शहराच्या गर्दीत चालवा, आणि मग गुडघा काय म्हणतो ते मला खरं सांगा. आई, तू मागे बसून दोन-तीनदा चढ-उतर करून बघ.

कागदांत एक गोष्ट किमतीवर थेट परिणाम करते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 1996 ची गाडी म्हणजे 2011, 2016, 2021 आणि पुन्हा 2026. आरसीवरची तारीख वाचा. मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर डॉक्टरांनी करून द्यायचा, आणि त्यानंतरच व्यवहार. 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क 10,000 रुपये झालं आहे आणि आयात केलेल्या चारचाकीचं 80,000. ही गाडी पुण्यात जोडलेली आहे, म्हणून आरसीवर चुकून "आयात" लिहिलेलं नाही ना हे बघायलाच हवं. "विंटेज" म्हणून सूट मिळेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. फायरवॉलवर (इंजिन आणि डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्यावर) ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी अंकन्‌अंक जुळवा. मालकी बदलासाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 वर डॉक्टरांच्या सह्या, कोल्हापूर आरटीओची फॉर्म 28 वर एनओसी, थकलेली ई-चलनं शून्य, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली. विम्याचं आधी विचारून घ्या, इतक्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या फक्त थर्ड पार्टी देतात.

पैशांचं माझं मत असं. गाडी वर लिहिलेल्या सगळ्यात पास झाली, तरी पहिल्या तीन महिन्यांत रेडिएटर, होज, टायर, बॅटरी, सगळी तेलं आणि बुश यांना लाख-दीड लाख लागतील. इंजिन ऑइलच साडेपाच-सहा लिटर बसतं. सुटे भाग मिळतात, कारण हेच इंजिन त्या काळच्या सी-क्लासमध्येही होतं, पण लूम बाहेरून मागवावा लागेल आणि वाट बघावी लागेल. ट्रिम, काच, लॅम्प यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. तेव्हा लूम चांगला, गंज नाही आणि बिलं आहेत, तर पावणेतीनपर्यंत जा. लूम तडकलेला असेल तर दोनच्या वर एक रुपया नको. जॅकच्या जागा कुजलेल्या असतील तर चहा पिऊन परत या.

रविवारी मी सकाळच्या गाडीने येतेय, नऊपर्यंत कोल्हापुरात पोचेन. तोवर इसार देऊ नका, अगदी अकरा हजारही नाही. आणि डॉक्टरांच्या ड्रायव्हरला आजच फोन करून सांगा, की रविवारी आम्ही येण्याआधी गाडी सुरू करायची नाही. रात्रभर उभं राहिलेलं थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतानाच चेनचा खडखडाट आणि व्हॉल्व्ह सील गेल्याचा निळा धूर दिसतो, गरम केलेल्या इंजिनात दोन्ही लपतात. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी काही ठरवायचं नाही.

तुमची,
मंजू