माकडे आपले पूर्वज नव्हेत

महोदय,
महाबळेश्वरच्या माकडांवरील रविवारच्या लेखातील ‘यांच्यापासूनच माणूस झाला’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. ही माकडे आणि माणूस यांचे समान पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले. पुढे दोन्ही शाखा स्वतंत्रपणे वाढल्या. शरीररचनाही तेच सांगते. या माकडांना लांब शेपूट आहे, छाती अरुंद आहे. चिंपांझी, गोरिला आणि आपण मात्र बिनशेपटीचे, रुंद छातीचे, खांदा चौफेर फिरवू शकणारे. खालच्या पहिल्या दाढेवर माकडांना चार उंचवटे, आपल्याला आणि चिंपांझीला पाच! चिंपांझी तर गोरिलापेक्षा आपल्याला अधिक जवळचा. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच माणसाला माकडांच्या प्रायमेट गणात बसवले होते. शाळकरी मुले अशा लेखांची कात्रणे जपतात, म्हणून दुरुस्ती अवश्य छापावी.

– एक विज्ञान शिक्षक, वाई (जि. सातारा)