आईवडिलांचे आजारपण सांभाळणाऱ्या मुलांची शाळेत नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचे परीक्षा अर्ज भरून घेताना वर्गशिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याची हजेरी पुन्हा एकदा तपासावी लागते. तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षे शिकवत आहे आणि हे काम दरवर्षी करते. काही वर्षांपूर्वी अशीच हजेरी तपासताना एका मुलीच्या नावापुढे मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हेच वार पुन्हा पुन्हा गैरहजेरीचे दिसले. तोवर मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘गैरहजेरी फार, अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ एवढाच शेरा लिहिला होता. तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की या तीन दिवशी तिच्या आईचे मिरजेला डायलिसिस असते. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजंदारीवर जातात आणि त्यांचा खाडा घराला परवडत नाही. म्हणून सकाळच्या एसटीने आईला घेऊन जायचे, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचे, परतल्यावर गळून गेलेल्या आईला झोपवायचे आणि मग धाकट्या भावाचे व रात्रीच्या स्वयंपाकाचे बघायचे, हे सारे ती नववीपासून करत होती. तिने शाळेत कोणाला सांगितले नव्हते, आणि आमच्यापैकी कोणी तिला विचारलेही नव्हते. तो शेरा मला आजही सलतो.

त्यानंतर मी दर जूनमध्ये मुलांशी एकेकट्याने बोलू लागले, आणि अशी मुले जवळजवळ प्रत्येक वर्गात निघाली. एकाचे वडील विहिरीच्या कामावर पडून कमरेखाली अधू झालेले, त्यांना उठवणे-बसवणे आणि कूस बदलणे हे काम चौदा वर्षांच्या मुलाकडे. एकीचे आईवडील दोघेही कर्णबधिर. बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्यात त्यांच्या वतीने बोलणारी तीच, त्यामुळे घरातील कर्जाचा आकडा आणि आईच्या पोटातील गाठ या दोन्ही गोष्टी तिला सर्वांआधी ऐकाव्या लागल्या. सर्वांत गप्प असतात ती आई किंवा वडिलांना मानसिक आजार असलेली मुले. गोळी घेतली की नाही हे पाहणे, रात्री दाराची कडी तपासणे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मित्रांना घरी न बोलावणे, हे कष्ट अंगावर दिसत नाहीत आणि म्हणून शिक्षकांच्याही लक्षात येत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दिव्यांग व्यक्ती चांगली पालक होऊ शकत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी सांगितलेल्या त्या कर्णबधिर आईइतकी मुलीच्या अभ्यासाबाबत जागरूक पालक मी क्वचितच पाहिली आहे. अडचण पालकाच्या दिव्यांगत्वाची नाही. बँकेत खुणांची भाषा जाणणारा माणूस नसतो, अंथरुणावरच्या माणसासाठी गावात मदतनीस नसतो, आणि ती उणीव घरातील सर्वांत हाताशी असलेले मूल भरून काढते.

या मुलांचे आपण कौतुक करतो, त्याचाही येथे विचार व्हावा. मुलगा असेल तर गाव त्याला श्रावणबाळ म्हणते. ते प्रेमाने म्हटलेले असते, हे मान्य आहे. पण एकदा श्रावणबाळ ठरलेल्या मुलाला ‘मी थकलो’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. मुलीच्या वाट्याला तर ते कौतुकही येत नाही. ‘ती घरचं बघते’ एवढ्यावर तिचे दहावीनंतरचे शिक्षण थांबते आणि ते कोणाला वावगेही वाटत नाही.

कायद्याकडे पाहिले तर चित्र विचित्र आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात काळजीवाहकाची व्याख्या आहे. मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांगाची काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती, पालक आणि कुटुंबातील इतर सदस्यांसह, तीत मोडते. म्हणजे कर्णबधिर आईवडिलांची माझी ती विद्यार्थिनी त्या व्याख्येत बसते. पण काळजीवाहक स्वतःच अल्पवयीन असेल तर त्याच्या शिक्षणाचे काय, याबद्दल तेथे शब्द नाही. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा वयाच्या १४ व्या वर्षी थांबतो, आणि नेमके त्याच वयापासून मूल घरातील जबाबदारी उचलण्याजोगे झाले असे आपण धरतो. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत माहिती भरताना विद्यार्थ्याला स्वतःला दिव्यांगत्व असेल तर आम्ही ते नोंदवतो, पण त्याच्या पालकाविषयी असा रकाना नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत आणि त्या मुलांवर काय भार आहे, हे त्या आकड्यावरून समजत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा मुलांच्या गरजांची पाहणी करणे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरले आणि २०२३ पासून शाळांच्या वार्षिक गणनेत त्यांची वेगळी नोंद होते. त्यांची व्यवस्था जशीच्या तशी आणावी असे नाही, पण आधी मोजणी आणि मग मदत हा क्रम आपल्यालाही घेता येईल.

मदतीचे मार्ग काही प्रमाणात आहेत. राज्याची बालसंगोपन योजना आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते, ज्यांचा जन्म शेजारच्याच सातारा जिल्ह्यातील नायगावचा. २०२३ पासून तिच्यात बालकासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि पालकाचा गंभीर आजार हे पात्रतेचे एक कारण आहे. असे असूनही या योजनेचा अर्ज ज्यांना हवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. विधवा आईच्या मुलांसाठीची योजना एवढीच तिची ओळख गावात आहे. शिवाय उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, बाल कल्याण समितीपुढे हजर राहणे, या फेऱ्या मारायच्या कोणी? ज्या घरातले एक माणूस अंथरुणावर आणि दुसरे रोजावर आहे, तेथे त्या फेऱ्याही मुलाच्याच वाट्याला येतात आणि आणखी चार दिवस शाळा बुडते.

माझी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला विनंती आहे की नववी ते बारावीच्या वर्गशिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाशी एकांतात बोलावे, घरात कोणाची काळजी घ्यावी लागते का हे विचारावे आणि ती नोंद मुख्याध्यापकांकडे गोपनीय ठेवावी. ती फलकावर लागता कामा नये, सत्कारासाठी तर मुळीच वापरली जाऊ नये. दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट आहे. पालकाच्या शुश्रूषेमुळे झालेली गैरहजेरी कशी हाताळावी याची लेखी सूचना शाळांना मिळाली, तर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देण्याची पाळी काही मुलांवर येणार नाही. बालसंगोपन योजनेचे अर्ज शाळेतच भरून घेऊन एकत्रित पुढे पाठवले जावेत.

ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुधा वर्षातून एकदा रोख किंवा वस्तुरूपाने वाटला जातो. त्यातून निदान परीक्षेच्या दोन महिन्यांत शाळेच्या वेळेपुरता गावातीलच एखादा मदतनीस ठेवता आला, तर त्या अधू वडिलांच्या मुलाला दिवसाचे सहा तास मोकळे मिळतील.

रुग्णालयांकडून एवढीच अपेक्षा आहे की रुग्णासोबत कोण येते हे त्यांनी विचारावे. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मी स्वतः डायलिसिस केंद्रात जाऊन बोलले. तेथील परिचारिकेने दुसऱ्या पाळीतील रुग्णाशी बोलून आईची वेळ दुपारची करून दिली, आणि दुपारी सोबत जाण्यास चुलती तयार झाली. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. त्याचबरोबर डॉक्टरांनी अशा मुलाशी थेट बोलावे, आजार काय आहे, काय होऊ शकते आणि त्यात त्याची चूक नाही, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. रिपोर्ट हातात धरून उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांशी बोलले जाते. मग ते मूल रात्री मोबाइलवर आजाराचे नाव शोधते आणि सर्वांत वाईट तेवढेच वाचते. मनाचा भार असह्य झाला तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हे प्रत्येक वर्गात सांगितले जावे.

नव्या वर्षाचे प्रवेश अर्ज शाळा एप्रिल-मेमध्ये छापतात. शिक्षण विभागाने त्याआधी परिपत्रक काढले, तर या जूनपासूनच हे काम सुरू होऊ शकेल.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. तासगाव, जि. सांगली