मुक्कामाच्या गावापुढे उंचीही छापा

महोदय,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या औषधाच्या दुकानात ठरलेली यादी घेऊन माणसं येतात. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या डायमॉक्स गोळ्यांची स्ट्रिप, कापराच्या वड्या, ओडोमॉस आणि शेवटी दबक्या आवाजात, ‘तो ऑक्सिजनचा डबा असतो ना, तो आहे का?’ गिऱ्हाईक एक तर लेहला निघालेलं असतं, नाहीतर केदारनाथला. आलेल्या माणसाला माल घेऊ नका म्हणणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणं, तरीही लिहितो.

डायमॉक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. ‘आमच्या ग्रुपमधले सगळेच घेतायत हो’ ही काही चिठ्ठी नव्हे. सल्फाची ॲलर्जी असलेल्याला, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ती बाधू शकते. बोटांना मुंग्या येतात, सारखी लघवी लागते. घाटात बस थांबवून आडोसा शोधणाऱ्या काकूंना ते आधी कोणी सांगितलेलं नसतं. आणि गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला हातभार लावते, पण त्यासाठी लागणारे दिवस काही वाचवत नाही. कापूर हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. तो डबा तर काही मिनिटांत रिकामा होतो.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. लेहला विमानातून पाय खाली ठेवता तीच जागा सुमारे ३२५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन तृतीयांशच. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहावं, असं तिथले डॉक्टर सांगतात. आपल्या यात्रा कंपन्यांच्या पत्रकांत मात्र कधीकधी दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड असते, ५३५९ मीटर! केदारनाथ ३५८३ मीटरवर. गौरीकुंडाहून चालत जाणाऱ्याच्या शरीराला निदान काही तास तरी मिळतात. हेलिकॉप्टर फाटा या गावाहून दहाएक मिनिटांत वर नेऊन सोडतं. त्यात वरच मुक्काम असला की रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. मग ‘जेवण बाधलं’ म्हणून पित्ताची गोळी घेतली जाते.

ओडोमॉस खुशाल घ्या, पण हरिद्वार-ऋषिकेशच्या रात्रींसाठी. लेहच्या थंडीत ती ट्यूब बहुधा न उघडता परत येते. किड्यांची खरी भीती आपल्याच किल्ल्यांवर आहे. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि खाली आपली मंडळी अत्तर मारून, स्पीकर लावून, चुलीचा धूर करून बसतात. माशी चावलीच तर आधी तिथून लांब पळावं, मग काटा नखाने खरवडून ताबडतोब काढावा. ओठ-घसा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती लेप लावत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

केदारनाथच्या वाटेवर सकाळचं ऊन पाहून रेनकोट मोठ्या बॅगेत जातो, बॅग खेचरावर पुढे जाते आणि दुपारी पाऊस गाठतो. सुती कपडे एकदा भिजले की त्या थंडीत वाळत नाहीत. रेनकोट आणि एक कोरडा लोकरी बनियन आपल्याच पाठीवर असू द्यावा.

यात्रा कंपन्यांकडे माझं एकच मागणं आहे. पत्रकात हॉटेलच्या खोल्या, मराठी जेवण, आमरस, सगळं छापता. मुक्कामाच्या गावापुढे त्याची उंचीही मीटरमध्ये छापा. ३००० मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, हा नियम डॉक्टर मंडळी सांगतात. आकडे समोर असले तर कोणताही सातवी पास माणूस वजाबाकी करून विचारेल, ‘अहो, इथे एक दिवस जास्त का नाही?’

आणि प्रवाशांनी बुकिंग करतानाच आणखी एक गोष्ट विचारावी. बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा सरळ रेषेत चालताना तोल जायला लागला, तर सकाळची वाट न पाहता माणसाला खाली उतरवावं लागतं. रात्री दोन वाजता त्यासाठी गाडी कोण देणार आणि तिचं भाडं कोण भरणार?

एक औषध विक्रेता, नाशिक